तोंडाने धुतलेले हात

नवी नर्स वॉर्डात आली की मी आधी तिचे हात बघते. तोंड बघायला तिची आई आहे. नखं कापली आहेत का, बोटं थरथरतात का, हातात बाटली दिली तर ती धरते की कवटाळते, एवढं दिसलं की पुढचं मला कुणी सांगावं लागत नाही. डोळ्यांचा वॉर्ड आहे हा. इथे पोट फाडत नाहीत, रक्ताचे पाट वाहत नाहीत, बघणाऱ्याला वाटतं सगळे आरामात पडले आहेत. पण इथे कणभर चूक झाली तरी माणूस उरलेलं आयुष्य भिंत चाचपत काढतो, आणि चूक करणारी पगार घेऊन घरी जाते.

या खेपेला दोघी आल्या. एकाच कॉलेजच्या, एकाच वर्गातल्या, आणि दोघीही बिनकामाच्या, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेने.

पहिलीला आम्ही 'सॉरी' म्हणायला लागलो, कारण स्टुलाला पाय लागला तर ती स्टुलाचीही माफी मागायची. ताप बघून यायची आणि मला विचारायची, "सिस्टर, हा बरोबर असेल का?" थर्मामीटर तिच्या हातात, पेशंट तिच्यासमोर, आणि ताप खरा की खोटा हे मी टेबलापाशी बसून सांगायचं. तिला येत सगळं होतं. आपल्याला काही येतं यावर मात्र तिचा काडीचा विश्वास नव्हता.

दुसरी 'मेडल'. कॉलेजात पहिली आली होती. हे तिने मला सकाळी सांगितलं. दुपारपर्यंत लिफ्टवाल्याला आणि झाडूवालीलाही ठाऊक झालं. चालायची अशी की मागे बँड वाजतोय. आवाज मात्र सुरेख, स्वच्छ, बातम्या देणाऱ्या बाईसारखा, आणि तो बंद म्हणून व्हायचा नाही. जे काही करायची ते बोलत बोलत. "मी आता पेशंटचं नाव विचारते. मी आता पेशंटची उशी सरळ करते. मी आता पेशंटला धीर देते." एवढं म्हणून ती पुढच्या कॉटकडे वळायची, आणि धीर द्यायचा राहूनच जायचा.

त्याच सुमारास आमच्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. साहेब म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणारे. आधी ते एका मोठ्या हॉटेलात होते, त्यामुळे पेशंटला पाहुणा समजतात आणि आम्हाला वाढपी. नव्या नर्सेस टिकत का नाहीत यावर त्यांनी विचार केला. पगार, लागोपाठच्या ड्यूट्या, एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड, यातलं काही त्यांना सुचलं नाही. त्यांना सुचलं की पोरींचा आत्मसन्मान कमी पडतो. मग कानाला माइक लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशासमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, "मी सक्षम आहे. मी कुशल आहे. माझ्यावर विश्वास ठेवा." मलाही उभं केलं. मी म्हटलं, "माझ्या पेशंटच्या औषधाची वेळ झाली आहे," आणि निघून आले. सॉरीला पहिल्याच वाक्याला रडू फुटलं. मेडलने मात्र असं काही म्हटलं की त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वेळी विश्वास कामाच्या मागून यायचा. कधी उशिरा यायचा, कधी यायचाच नाही, आणि तरी काम व्हायचं. आता तो आधीच वाटतात, युनिफॉर्म आणि बुटांबरोबर.

त्यानंतर लगेच हेडमास्तर दाखल झाले.

शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. एक डोळा तरुणपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा पांढरा पडलेला. तो काढून एका मेलेल्या माणसाचा स्वच्छ पडदा तिथे शिवायचा, असं ते ऑपरेशन. ते नीट झालं. बाहेर येऊन डॉक्टरांनी मला आणि हेडमास्तरांच्या सुनेला एकत्र उभं करून सांगितलं, "टाके केसापेक्षा बारीक आहेत. काही दिवस धुक्यातून बघितल्यासारखं दिसेल, मग हळूहळू निवळेल. पण जंतू शिरला तर हा डोळा गेला. आणि यांच्याकडे दुसरा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थेंब घालायच्या आधी दर वेळी हात. साबणाने." हे मला सांगायची गरज नव्हती, पण डॉक्टर मंडळींना सांगितल्याशिवाय बरं वाटत नाही.

सून दिवसभर कॉटजवळच्या स्टुलावर बसायची. पन्नाशीकडे झुकलेली बाई, केस पिकायला लागलेले, पण सासऱ्यांपुढे नवी नवरी. काही बोलायला तोंड उघडलं की हेडमास्तर म्हणायचे, "सूनबाई, मध्ये बोलू नकोस." मध्ये म्हणजे कशाच्या मध्ये, ते कुणालाच कळायचं नाही, कारण एकटे तेच बोलत असायचे.

वॉर्डात पडल्या पडल्या ते सगळ्यांना गुण द्यायचे. धुक्यात चेहरे दिसायचे नाहीत, म्हणून आवाजाला. डॉक्टरांना म्हणाले, "वाक्य अर्धवट सोडता. पूर्ण करायला शिका." सॉरीला नापास केलं. मी थेंब घालताना तोंड उघडत नाही, म्हणून मला म्हणाले, "तुम्ही काठावर पास." आणि मेडलचा पहिला शब्द ऐकला तसे उठून बसले. "सर, मी आपली परिचारिका. मी आता हात धुते. मी हात धुतले. आता मी आपली खालची पापणी हलकेच खाली ओढणार आहे. मी थेंब घातला. डोळा मिटून ठेवा, चोळू नका." हेडमास्तरांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जणू अख्खा वर्ग एका सुरात पाढे म्हणतो आहे.

"बघा," ते सुनेला म्हणाले, "याला म्हणतात शिक्षण. पहिली आलेली मुलगी अशी ओळखू येते."

तेव्हापासून त्यांना थेंब घालायला तीच लागायची. दुसरं कुणी गेलं की डोळा घट्ट मिटायचे. केसापेक्षा बारीक टाके, आणि हा माणूस हट्टाने डोळा आवळतो म्हटल्यावर मी तरी काय करणार, मेडललाच पाठवायला लागले. इतर पेशंटही तिच्यावर खूश. ती काय करते ते सांगून करते म्हणे. मी करते आणि सांगत नाही, तर मी तुसडी.

साहेबांपर्यंत हे पोचायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी 'आदर्श परिचारिका' म्हणून मेडलचा फोटो काढून लिफ्टशेजारी लावला. मोठा फोटो, हसरा, हात छातीशी जोडलेले. लिफ्टची वाट बघताना लोक त्या फोटोकडे बघायचे आणि बरं वाटून वर जायचे.

मग एका सकाळी डॉक्टरांनी हेडमास्तरांच्या डोळ्यात टॉर्च धरला आणि बराच वेळ खाली केला नाही. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"रात्रीपासून ठणकतंय," हेडमास्तर म्हणाले. "पण तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही." उभ्या आयुष्यात या माणसाने दुसरं काही केलं नसेल.

डोळा लाल झाला होता. कडेला एक पिवळसर ठिपका होता, बघायचा नसेल तर दिसणार नाही एवढा. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जंतू आहे. औषध बदलतो, दर तासाला थेंब. उतरलं तर उतरलं. नाही तर मला काही करता येणार नाही." या वेळी त्यांनी एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही.

मी बाटल्या तपासल्या, कापूस तपासला, उशीचे अभ्रे कुठून येतात ते बघितलं. काही सापडेना. सामानाच्या खोलीत उभी राहून मी आणखी काय राहिलं ते आठवत होते, तेव्हा दारात हेडमास्तरांची सून येऊन उभी राहिली. आधी मागे वळून बघितलं, मग आत आली.

"सिस्टर, एक विचारू? रागवू नका. मला यातलं काही कळत नाही."

"विचारा."

"हात धुणं म्हणजे नुसतं म्हणायचं असतं का?"

मला कळेना ही काय बोलते आहे. ती म्हणाली, "ती मुलगी म्हणते, हात धुतले. पण ती बेसिनपाशी जातच नाही हो. कॉटजवळच उभी राहते आणि हात असे एकमेकांवर फिरवते." तिने करून दाखवलं. कोरडे हात, हवेत, अगदी पद्धतशीर. बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं. शेवटी कोपराने न दिसणारा नळही बंद केला. "मला वाटलं, नवीन काहीतरी निघालं असेल. शिकलेल्या माणसांचं आपल्याला काय कळतं. पण काल डोळा लाल दिसला, आणि मला झोप लागली नाही."

"सासऱ्यांना सांगितलंत?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की तो प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटली.

थेंबांची वेळ झाली तेव्हा मी पडद्याआड उभी राहिले. मेडल आली. ट्रे ठेवला. "सर, मी आता हात धुते," म्हणाली, आणि सुनेने दाखवलं होतं तसंच सगळं केलं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. हिच्याकडे तर पाणीच नव्हतं, नुसता खळखळाट. "मी हात धुतले," ती म्हणाली आणि बाटलीचं टोपण काढलं. मी मागून तिचं मनगट धरलं आणि काही न बोलता तिला बेसिनपाशी नेलं. तिची बोटं उलटी केली. बोटाच्या पेरावर बॉलपेनची शाई, सकाळची, जशीच्या तशी.

"हात धुतलेस?"

"हो, सिस्टर."

"कधी?"

"आत्ता. मी म्हटलं ना."

मी पुष्कळ खोटारड्या बघितल्या आहेत. खोटं बोलणाऱ्याची नजर हलते. हिची हलली नाही. ती मनापासून खरं बोलत होती. मी विचारलं, "जेवायच्या आधी हात धुतेस की नाही?"

"धुते की."

"पाण्याने?"

"हो." ती गोंधळली. "पण ते घरचं झालं, सिस्टर. हे प्रोसीजर आहे."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेसिन होतं, नळही होता, पाणी नव्हतं. ती यायच्या आधीपासून नव्हतं. प्लास्टिकची एक बाहुली कॉटवर निजवलेली, तिच्या भोवती परीक्षा. परीक्षक चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचे. विद्यार्थिनीने पायरी म्हणायची, की त्यांनी गुण द्यायचा. 'मी हात धुते' म्हटलं की एक गुण. मोठ्याने आणि न अडखळता म्हटलं की परीक्षक वर बघायचे. मेडल न अडखळणारी. वसतिगृहात उशीला पेशंट करून तिने सगळं पाठ केलं होतं. खऱ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा एका कॉटभोवती अख्खा वर्ग; मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या दिसायच्या. हिला मात्र पुढे बोलवायचे, म्हणून दाखवायला. सॉरी अडखळायची, म्हणून तिला कमी गुण. ती आपली घाबरून वॉर्डातल्या नळावर जाऊन हात घासत बसायची, आपल्याला येत नाही म्हणून. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्या कॉलेजच्या नळाला पाणी नाही, त्याने हिला सोन्याचं पदक दिलं.

"धू," मी म्हटलं. "तोंड मिटून."

तिने नळ सोडला. तोंड मिटलं आणि हात पाण्याखाली तसेच राहिले. पुढे काय करायचं ते हातांना माहीत नव्हतं. बोलणं थांबलं की तिचे हात थांबत. तिने ओठ उघडले, "मी आता..." आणि बोटं हलायला लागली. मी नळ बंद केला. पेल्यात पाणी घेतलं, म्हटलं, "हा घोट तोंडात धर. गिळायचा नाही. आता धू." पहिल्यांदा गिळला आणि बोलायला लागली. मी दुसरा दिला. तोही गिळला. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, समोर तिसरा घोट; पदकवाली पहिलीच्या पोरासारखी हात धुवायला शिकत होती. मला दया आली नाही. हेडमास्तरांचा डोळा माझ्या डोळ्यांसमोर होता.

डॉक्टरांना मी त्याच मिनिटाला सांगितलं. त्यांनी हातातलं पेन भिंतीवर मारलं. मग म्हणाले, "पेशंटला आत्ता सांगू नका. भीतीने डोळा आवळेल आणि टाके तुटतील. काय तो निकाल लागला की सांगायचं." ते मला पटलं. साहेबांचं पटलं नाही. ते म्हणाले, "आत्ताच तर फोटो लावला आहे. आणि पेशंट समाधानी आहे ना? मग सांगायचंच कशाला? मुलीला दुसऱ्या वॉर्डात टाका."

"म्हणजे तिथेही हात असेच धुवेल," मी म्हटलं. "घाण इथे केली आहे, निस्तरेल इथेच. मी शेजारी उभी राहीन."

त्या दिवसापासून माझ्या पाळीत हेडमास्तरांना दर तासाला मेडलने थेंब घातले. तोंडावर मास्क, मास्कच्या आत तोंड मिटलेलं. आधी बेसिन, साबण, घासून घासून. मग गार, लाल झालेले हात घेऊन कॉटपाशी. पहिला थेंब गालावर पडला. हेडमास्तर म्हणाले, "शून्य. कोण आहे ही? बोलत का नाही?"

"नवीन आहे," मी म्हटलं. त्यांना डोळा आवळू देणार नव्हते मी, म्हणून पुढे म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, डोळा सैल ठेवा, नाही तर हात बांधून ठेवू." असल्या भाषेला मात्र ते बधले.

"मुकी दिसते. आणि हात कसले बर्फासारखे! माझी पहिल्या नंबरवाली कुठे गेली?"

"कामात आहे."

"हुशार माणसाला कोपऱ्यात बसवायचं आणि दगडांना पुढे करायचं. सगळीकडे हेच." सून खाली मान घालून बसली होती. मेडल त्या शिव्या ऐकत उभी होती. ज्या माणसाने तिला डोक्यावर घेतलं होतं, तोच तिला तिच्यासमोर दगड म्हणत होता, आणि 'सर, मीच ती' असं म्हणायची सोय नव्हती.

दुपारी ती कपडे बदलायच्या खोलीत पर्स खांद्याला लावून उभी दिसली. "मी जाते, सिस्टर. मला काही येत नाही. मला वाटलं होतं मला सगळं येतं."

सॉरी शेजारी उभी राहून तिची समजूत घालत होती, म्हणजे तिला सॉरी म्हणत होती.

"जा," मी म्हटलं. "कुणी बांधून ठेवलं नाही. पण आत्ताच्या तासाचा थेंब घालून जा. त्या डोळ्याला तुझं रडणं कळत नाही."

तिने थेंब घातला. तोवर सॉरीने पुढच्या थेंबाची तयारी केली होती. मग पुढचा घातला. पर्स संध्याकाळपर्यंत बाकावर पडून राहिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी आली होती आणि बेसिनपाशी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. तिचे हात आता स्वतःच्या स्वतः चालत होते. मी मागे उभी होते ते तिला कळलंसुद्धा नाही.

पिवळा ठिपका आधी होता तेवढाच राहिला. मग डॉक्टर म्हणाले, कडा पुसट झाली आहे. ते ऐकून मेडल पॅन्ट्रीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या तोंडून आनंदाचंही एक वाक्य निघालं नाही. लाली उतरत गेली, धुकं निवळत गेलं. एका सकाळी हेडमास्तरांनी समोरच्या दारावरची पाटी वाचली आणि खणखणीत आवाजात अख्ख्या वॉर्डाला ऐकवली, "शांतता राखा!" दोन पेशंट दचकून उठले.

घरी जायच्या दिवशी साहेब फुलं आणि फोटोग्राफर घेऊन आले. हेडमास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून कॉटच्या कडेला बसले होते. त्यांनी भाषण केलं. ते होणारच होतं. स्पष्ट बोलण्याचं महत्त्व, पाठांतराचं महत्त्व, आणि मग, "या हॉस्पिटलात मला दोन नर्सेस भेटल्या. एक ती पहिल्या नंबरवाली, जिच्या आवाजानेच मी बरा झालो. आणि दुसरी ती मास्कवाली मुकी, गार हातांची. तिला काढून टाका, ही माझी सूचना आहे. आता मला दिसतंय. त्या पहिल्या मुलीला एकदा डोळे भरून बघू द्या." डोळे म्हणाले. एकच होता.

साहेबांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी मेडलला खांद्याला धरून पुढे केलं, फोटोग्राफरला खूण केली. "ही बघा, सर. हीच ती."

हेडमास्तरांनी तिला खालून वर बघितलं. मास्कशिवायचा तो चेहरा त्यांनी पहिल्यांदाच बघितला. "बोल, बाळ. आवाज ऐकव."

तिने हात पाठीमागे घेतले. साहेब हसत हसत दातांतून म्हणाले, "बोल की. आभार मान."

तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर सांगणार होते, पण ते ऑपरेशनला आत होते. मी काही खूण केली नाही. बोलायचं की नाही हे मी तिला सांगितलं असतं तर ती पुन्हा पाठच म्हणाली असती.

"सर," ती म्हणाली. तोच सुरेख आवाज, पण अडखळणारा. "मुकी मीच. ते गार हात माझेच होते. आधी मी बोलायचे तेव्हा... तेव्हा मी हात धुवत नव्हते. नुसतं म्हणायचे. तुमचा डोळा माझ्यामुळे बिघडला होता."

साहेब मोठ्याने हसले. "किती नम्र मुलगी आहे बघा."

हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी सुनेकडे बघितलं. "ही काय म्हणते आहे?"

"खरं म्हणते," सून म्हणाली. "मी रोज बघत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, मध्ये बोलू नकोस." तिचा आवाज चढला नव्हता. "म्हणून सिस्टरना सांगितलं."

हेडमास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मग ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हात पुढे कर." ज्यांनी शाळेत छडी खाल्ली आहे त्या सगळ्यांचे हात आपोआप मागे गेले असतील, माझे गेले. मेडलने हात पुढे केले. त्यांनी ते धरले आणि पार डोळ्याजवळ नेऊन बघितले. साबणाने साली गेलेल्या, बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या, एका चिरेत रक्त सुकलेलं. एकेक बोट बघितलं. तोंड उघडलं, आणि गुण द्यायचे म्हणून उघडलं होतं ते तसंच मिटलं.

मेडलने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हात सोडवून घेतले. "सर, थेंबांची वेळ झाली," एवढंच म्हणाली आणि बेसिनकडे गेली. साहेब फुलं धरून उभे, फोटोग्राफर कॅमेरा धरून उभा, आणि ती सगळ्यांकडे पाठ करून हात धुते आहे. घाई नाही, शब्द नाही. मला त्या पोरीचा अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून माझाच मला राग आला, कारण साध्या हात धुण्याचा अभिमान वाटायची पाळी आली होती आमच्यावर.

ती ओले हात पुसून परत आली. बाटलीचं टोपण काढलं. हेडमास्तर क्षणभर त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान मागे टाकली आणि तो एकुलता एक डोळा तिच्यासमोर सताड उघडला.

फोटोग्राफरने कॅमेरा वर केला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं आणि म्हणाले, "हा नको."